बाळाची पहिली लस आईच्या दंडात

गरोदरपणातील सर्दी-तापाचे आजार आणि लसीकरण : पती-पत्नी दोघांनी मिळून वाचायचा धडा



बाळ जन्मलं की त्याला बीसीजीची लस टोचायची, पोलिओचे थेंब पाजायचे, हे आता वाडी-वस्तीवरच्या आज्यांनाही ठाऊक आहे. पण बाळ पोटात असतानाच त्याला संरक्षण देता येतं, आणि ते आईच्या दंडातून द्यावं लागतं, ही गोष्ट अजून पुष्कळ घरांत पोचलेली नाही. उलट, ‘दिवस गेलेल्या बाईला उगाच सुई कशाला?’ असंच आपण म्हणतो.

या धड्यात तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, साधं वाटणारं सर्दी-पडसं गरोदर बाईला जड का जातं. दोन, कोणती लस दिवस राहण्याआधी घ्यायची, कोणती गरोदरपणी आणि कोणती बाळंतपणानंतर. तीन, ताप आलाच तर घरच्यांनी काय करायचं. यातलं पहिलं काम दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू होतं. म्हणून कुटुंब नियोजन आणि लसीकरण ही दोन कामं जोडीनं करायची असतात.

साधं पडसं, पण दोन जिवांना भारी

सर्दी, पडसं, फ्लू, कोविड हे आजार डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूंमुळे होतात. आजारी माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो, तेव्हा त्याच्या तोंडा-नाकातून बारीक तुषार उडतात. ते दुसऱ्याच्या श्वासात जातात. तोच माणूस नाक पुसून तोच हात दाराच्या कडीला, पाण्याच्या तांब्याला लावतो. तिथून तो दुसऱ्याच्या हाताला आणि हातानं नाका-तोंडाला जातो. भरलेली एसटी, आठवड्याचा बाजार, लग्नाचा मांडव आणि जत्रा ही या विषाणूंची आवडती ठिकाणं.

धडधाकट माणसाला फ्लू झाला, तर चार दिवस कणकण, अंगदुखी, घसा खवखवणं असं होतं आणि तो उठून कामाला लागतो. गरोदर बाईचं तसं नसतं. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण जागेचं. पोट वाढतं तसं छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ढकलला जातो. फुप्फुसांना फुगायला जागा कमी पडते. चालताना, पाणी शेंदताना नऊ महिन्यांच्या बाईला धाप लागते ती याचमुळे.

दुसरं कारण गरजेचं. ती दोन जिवांसाठी श्वास घेत असते. तिच्या अंगाला हवा जास्त लागते, हृदयालाही जास्त रक्त फिरवावं लागतं. अशा वेळी फुप्फुसात सूज आली, तर राखून ठेवलेली ताकद फारशी उरलेली नसते.

तिसरं कारण अंगातल्या राखणीचं. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक फौज असते. पोटातलं बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला थोडं परकं. त्याला धक्का लागू नये म्हणून गरोदरपणात ही फौज आपली रीत बदलते. बाळासाठी ते चांगलंच, पण काही विषाणूंना त्यामुळे वाव मिळतो.

म्हणून ज्या तापानं नवरा दोन दिवस घोंगडीत पडून राहतो, त्याच तापानं बायकोला न्यूमोनिया होऊ शकतो. जोराचा ताप आणि अंगातली हवा कमी पडणं याचा त्रास बाळालाही होतो. दिवस भरण्याआधी बाळंतपण होणं, बाळ कमी वजनाचं होणं, कधी पोटातच दगावणं, हे धोके वाढतात.

साथींनी आपल्याला काय शिकवलं

१९१८ साली मुंबई बंदरातून फ्लूची साथ देशात शिरली. आपल्याकडे तिला ‘मानमोडी’ म्हणत. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. म्हातारी माणसं आणि लहान मुलं तर गेलीच, पण ऐन उमेदीतले तरुणही गेले, आणि गरोदर बायांवर मोठा घाला आला. तेव्हा फ्लूची लस नव्हती, आणि हा आजार विषाणूचा आहे हेही माहीत नव्हतं.

२००९ साली फ्लूचा नवा विषाणू आला. त्याला आपण ‘स्वाइन फ्लू’ म्हणालो. या साथीतला देशातला पहिला मृत्यू त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. जगभर पुन्हा तेच दिसलं. अमेरिकेत त्या काळी दर शंभर माणसांत गरोदर बाई साधारण एक, पण या फ्लूनं दगावलेल्या दर शंभरांत गरोदर बाया साधारण पाच. त्यानंतर महाराष्ट्र शासनानं २०१५ साली गरोदर स्त्रियांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. ती ऐच्छिक ठेवली, म्हणजे सक्ती नाही.

मग २०२० साली कोविड आला. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालं, पण गरोदर बायांना लस घ्यायला परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी. मधल्या एप्रिल-मेच्या लाटेत पुष्कळ घरांनी दुःख पाहिलं.

तीन साथी, शंभर वर्षांचं अंतर, आणि धडा एकच : श्वासाच्या आजाराची साथ आली की गरोदर बाईला आधी जपायचं.

लस आईला, संरक्षण दोघांना

आता मुख्य गोष्ट. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देता येत नाही. पण बाळाला फ्लूचा धोका सगळ्यात जास्त याच सहा महिन्यांत असतो. मग करायचं काय?

यावर निसर्गानंच वाट ठेवली आहे. आईनं लस घेतली की साधारण दोन आठवड्यांत तिच्या रक्तात त्या विषाणूशी लढणारी द्रव्यं तयार होतात. ती वारेतून, नाळेच्या वाटेनं बाळाच्या रक्तात उतरतात. शेवटच्या तीन महिन्यांत ती जास्त जातात. बाळ जन्माला येतं ते आईनं बांधून दिलेली ही शिदोरी घेऊनच. पुढं आईच्या दुधातूनही थोडं संरक्षण मिळत राहतं. सहा महिन्यांनी ही शिदोरी संपत येते, तोवर बाळ थोडं दणकट झालेलं असतं.

हे नुसतं सांगण्यावारी नाही. शेजारच्या बांगलादेशात, ढाका शहरात ३४० गरोदर बायांवर अभ्यास झाला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. काहींना फ्लूची लस दिली, काहींना न्यूमोनियाच्या जंतूंवरची दुसरी लस. मग सगळ्यांची बाळं सहा महिन्यांची होईतो लक्ष ठेवलं. फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांत तपासणीत पक्का ठरलेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. त्या आयांनाही तापासह श्वासाचा आजार कमी झाला. एकच सुई, पण तिनं दोघांना राखलं. 

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो. लस घेतली म्हणजे पुन्हा कधी शिंकसुद्धा येणार नाही, असं नाही. साधं पडसं आणणारे विषाणू वेगळे असतात, त्यांच्यावर ही लस नाही. फ्लूही कधी कधी लस घेऊन होतो. पण लस घेतलेल्या बाईचा आजार विकोपाला जाण्याची भीती पुष्कळ कमी होते.

कोणती लस केव्हा?

शेतात पेरणीची एक वेळ असते, कोळपणीची एक वेळ असते. लसींचंही तसंच आहे.

(अ) दिवस राहण्याच्या आधी

रुबेला हा लहान मुलांत साधा वाटणारा आजार. थोडा ताप, अंगावर बारीक पुरळ, आणि तीन-चार दिवसांत बरा. तोही खोकल्या-शिंकेतूनच पसरतो. पण गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला, तर तो विषाणू शंभरातल्या नव्वद बाळांपर्यंत पोचू शकतो. मग गर्भपात होतो, किंवा बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयात छिद्र असं घेऊन जन्मतं. ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली हा संबंध पहिल्यांदा दाखवून दिला. मोतीबिंदू झालेली तान्ही बाळं त्यांच्याकडे एकामागून एक येऊ लागली. चौकशी केली तर बहुतेकींच्या आयांना पोटुशी असताना रुबेला झालेला होता.

रुबेलाची लस जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असते. म्हणून ती गरोदरपणात देत नाहीत. ती आधीच घ्यावी लागते. आणि घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. इथं कुटुंब नियोजनाचं साधन उपयोगी पडतं. त्या महिन्यात निरोध वापरा किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या घ्या.

महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या मुला-मुलींना शाळेत, अंगणवाडीत ही लस दिली. त्या वेळी नववीत असलेल्या मुली आज विशीत आहेत, काही सासरी नांदत आहेत. तेव्हा नव्या सुनेला विचारा, ‘शाळेत गोवर-रुबेलाची सुई घेतली होती का?’ आठवत नसेल, तर डॉक्टरांना विचारा. लस कुठे मिळेल ते डॉक्टर सांगतील.

नकळत घडलं, म्हणजे लस घेतली आणि मागून कळलं की दिवस होते, तर घाबरू नका. त्यासाठी गर्भ पाडण्याचं कारण नाही. डॉक्टरांना सांगा आणि तपासणी चालू ठेवा.

(आ) दिवस गेल्यावर

१. फ्लूची लस. ही टोचायची लस मेलेल्या विषाणूची असते, त्यामुळे तिच्यानं फ्लू होत नाही. एक डोस दंडात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात चालते. आपल्याकडच्या सरकारी योजनेत ती चौथ्या महिन्यापासून पुढे दिली जाते. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, जास्त असतो, आणि थंडीत पुन्हा थोडा. म्हणून मृग लागण्याच्या आधी लस मिळाली तर उत्तम. पण पाऊस सुरू झाला म्हणून ‘आता काय उपयोग’ असं म्हणू नका. फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप पालटतो, म्हणून मागच्या खेपेला घेतली असली तरी या खेपेला पुन्हा घ्यावी लागते. नाकात फवारायची फ्लूची लस जिवंत विषाणूची असते, ती गरोदरपणी नको.

२. टीडीची लस. आपल्या आया-बहिणी ज्याला ‘धनुर्वाताची सुई’ म्हणतात, तीच ही. २०१९ पासून तिच्यात घटसर्पाचं संरक्षणही घातलं आहे. घटसर्प हा जंतूंमुळे होणारा, घसा आवळून श्वास कोंडणारा आजार आहे. दिवस गेल्याचं कळताच पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या बाळंतपणात दोन डोस झाले असतील आणि तीन वर्षं उलटली नसतील, तर एकच डोस पुरतो.

३. कोविडची लस गरोदरपणात घेता येते. सध्या कोणाला घ्यावी, कुठे मिळते, हे तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारा.

गोवर, रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसी मात्र गरोदरपणात घ्यायच्या नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा.

(इ) बाळंतपणानंतर

राहून गेलेली रुबेलाची लस बाळंतपणानंतर घेता येते. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते. बाळाच्या लसी कार्डावर लिहिलेल्या तारखांना पुऱ्या करा. जन्मल्याबरोबर, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, पुढं नऊ महिन्यांनी आणि दीड वर्षाच्या सुमारास.

आणि पाळणा लांबवा. दोन मुलांत निदान तीन वर्षांचं अंतर ठेवा. पहिलं मूल अंगणवाडीतून पडसं घेऊन येतंय, आई त्याला अंगावर पाजतेय, तिच्या अंगात रक्त नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्यांदा दिवस राहिले, तर फ्लूशी लढायला तिच्या अंगात बळ कुठून येणार? अंतर ठेवलं तर रक्त भरून निघतं आणि राहिलेल्या लसी घ्यायलाही सवड मिळते.

साधनं आपल्या हाताशी आहेत. निरोध केव्हाही वापरता येतो. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देतात. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. ‘माला-एन’ गोळी मात्र पाजणाऱ्या आईनं बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेऊ नये. यातलं कोणतं साधन आपल्याला सोयीचं, ते दोघांनी मिळून ठरवावं.

लोक विचारतात

प्रश्न : “लसीच्या नावाखाली पाळणा बंद करायची सुई टोचतात, असं बाया बोलतात. खरं का?”

उत्तर : नाही. फ्लूच्या किंवा टीडीच्या लसीचा गर्भाशयाशी काही संबंध नाही. ही शंका मनात येते याला कारणंही आहेत. १९७६ साली नसबंदीसाठी लोकांवर सक्ती झाली, ती आठवण जुन्या माणसांच्या मनात आहे. शिवाय ‘अंतरा’ हेही इंजेक्शनच, त्यामुळे नावांचा घोटाळा होतो. पण ‘अंतरा’ गरोदर बाईला देत नाहीत, ते स्त्रीच्या संमतीनंच देतात आणि त्याचं कार्ड वेगळं असतं. कायमचा पाळणा थांबवायचा तर शस्त्रक्रिया लागते, आणि तीही तुमच्या लेखी संमतीनं. सुई टोचण्याआधी नर्सबाईंना विचारा, “ही कशाची?” बाटलीवरचं नाव वाचून घ्या आणि कार्डावर नोंद करून घ्या. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : “आमच्या वेळी कुठं होत्या ह्या सुया? आम्ही नाही का पाच-पाच बाळंतपणं काढली?”

उत्तर : काढलीत, आजी, आणि मोठ्या हिमतीनं काढलीत. पण त्या पाचातली किती लेकरं हाताला लागली, आणि आळीतल्या किती बाया बाळंतपणात गेल्या, तेही तुम्हीच सांगू शकता. सुनेला तुमच्याइतकं सोसावं लागू नये, म्हणून ही सुई. तुम्ही स्वतः तिला घेऊन दवाखान्यात आलात, तर आळीतल्या दहा घरांना धीर येईल.

प्रश्न : “लसीनं बाळाला अपाय होईल का?”

उत्तर : फ्लूची टोचायची लस कित्येक वर्षं जगभर लाखो गरोदर बायांना दिली गेली आहे. तिच्यानं गर्भाला अपाय झाल्याचं आढळलेलं नाही. दंड दुखणं, किंचित सूज, एक-दोन दिवस कणकण एवढं होऊ शकतं. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. आधीच्या डोसाच्या वेळी अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असेल, तर आधीच सांगा. जोराचा ताप असेल, तर तो उतरल्यावर लस घ्या.

प्रश्न : “मी काढा पिते, हळदीचं दूध घेते. मग लस कशाला?”

उत्तर : हळदीचं दूध खुशाल घ्या, गरम पाण्यानं गुळण्या करा, घशाला बरं वाटतं. पण त्यानं फ्लूशी लढणारी द्रव्यं तयार होत नाहीत आणि बाळापर्यंत काही पोचत नाही. अनोळखी जडीबुटीचा काढा मात्र गरोदरपणी टाळा.

ऊसतोडीला आणि बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी

बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कोयते कारखान्यावर जातात, ते उन्हाळा लागल्यावरच परततात. म्हणजे कित्येकींचं अर्धं गरोदरपण कोपीत जातं. पहाटेची थंडी, चुलीचा धूर, एका कोपीत चार-सहा माणसं. सर्दी-ताप तिथं लवकर पसरतो, आणि दवाखाना लांब पडतो.

म्हणून गाव सोडण्याआधी एवढं करा. दिवस गेले असतील तर नाव नोंदवा. टीडीचा डोस घ्या, फ्लूची लस मिळत असेल तर ती घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात नाही, तर पैशाच्या पिशवीत ठेवा. दुसऱ्या डोसाची तारीख मुकादमालाही सांगून ठेवा. कारखान्याच्या गावातल्या उपकेंद्रात तेच कार्ड दाखवून पुढचा डोस आणि तपासणी मिळते. ‘आमचं गाव वेगळं’ म्हणून लस चुकवायचं कारण नाही.

बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या लेकींनीही हेच करावं. बांगड्या-साड्यांबरोबर कार्ड न्यावं.

ताप आलाच तर

गरोदर बाईनं ताप अंगावर काढू नये. पहिल्याच दिवशी आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगावं. फ्लूची शंका असेल तर डॉक्टर ‘ऑसेल्टामिविर’ नावाचं औषध देतात. ते गरोदरपणात देता येतं, आणि आजार सुरू झाल्यापासून दोन दिवसांत सुरू केलं तर जास्त गुण येतो. चार दिवस वाट पाहिली तर ही संधी हातची जाते.

तापावर पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्या. अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या दुकानातून आणून खाऊ नका, त्यातल्या काही बाळाला बाधतात. ‘एक इंजेक्शन मारा, सलाईन लावा’ असा हट्ट धरू नका. जंतूंवरच्या औषधानं विषाणू मरत नाही. लागलं तर डॉक्टर स्वतःच देतील. पाणी, पेज, ताक, वरणाचं पाणी भरपूर द्या. आजारी बाईला उपास घडवू नका.

पुढची लक्षणं दिसली तर रात्र आहे, पाऊस आहे, असं म्हणू नका. १०८ किंवा १०२ नंबरवर फोन करून गाडी बोलवा :

बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे.
ओठ, नखं निळसर दिसणे.
गुंगी येणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे.
ताप औषधानंही न उतरणे, किंवा उतरून पुन्हा जोरानं चढणे.
काहीच पोटात न ठरणे.
बाळाची हालचाल कमी वाटणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे.

तान्ह्या बाळाची खूण वेगळी. ते नेहमी खोकेलच असं नाही. ते दूध ओढायचं थांबतं, श्वास भरभर घेतो, छातीखाली खळगा पडतो, अंग तापतं किंवा गार पडतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

आई आजारी असली तरी बाळाला अंगावरचं दूध तोडू नका. हात साबणानं धुवून, नाका-तोंडावर पदर किंवा स्वच्छ फडकं बांधून तिनं पाजावं.

दादा, हे तुमच्यासाठी

गरोदरपण बायकोचं, पण बाजारातून, कामावरून, एसटीतून विषाणू घरात आणणारे बहुतेक वेळा आपण पुरुषच. तुम्हाला सर्दी-ताप असेल तर तोंडावर रुमाल बांधा, निजायची जागा वेगळी करा, बाहेरून आल्यावर आधी हात-पाय धुवा. घरात विडी-सिगारेट ओढू नका. चुलीचा धूर बाहेर जायला वाट करून द्या, म्हणजे तिची छाती मोकळी राहील.

तपासणीच्या दिवशी अर्धा दिवस रजा काढून बरोबर चला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवा. फ्लूच्या लसीचा साठा कुठे आणि केव्हा येतो, ही चौकशी तुम्ही करा. बाळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणी शिंकत-खोकत असेल, तर ‘बरे झाल्यावर या’ हे तुम्ही सांगा. बाळंतिणीला ते सांगणं अवघड जातं.

आणि पाळणा लांबवण्याची जबाबदारी एकट्या तिच्यावर टाकू नका. निरोध तुम्हीच वापरायचा असतो. मुलं पुरेशी झाली, तर पुरुषाची नसबंदी ही बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. तिच्यात टाका पडत नाही आणि अंगमेहनतीच्या ताकदीत काही उणं येत नाही.

ध्यानात ठेवा

१. लग्नानंतर लगेच विचारा : रुबेलाची लस झाली आहे का? नसेल तर दिवस राहण्याआधी घ्या आणि एक महिना थांबा.
२. दिवस गेल्याचं कळताच, बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. निदान चार तपासण्या करून घ्या.
३. टीडीची लस वेळेवर, आणि फ्लूची टोचायची लस प्रत्येक गरोदरपणी एकदा.
४. गोवर, रुबेला, कांजिण्यांची लस गरोदरपणी नाही.
५. गरोदर बाईचा ताप एक दिवसही अंगावर काढायचा नाही.
६. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर.
७. कोणतीही सुई घेण्याआधी नाव विचारा, कार्डावर नोंद करून घ्या.

हे पत्रक वाचून झालं की फेकू नका. शेजारी नवीन सून आली असेल तर तिला द्या. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवा, आणि ऐकायला तिच्या नवऱ्यालाही बसवा. काही शंका राहिली तर आशाताईंना, उपकेंद्राच्या नर्सबाईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

पाळणा लांबवा, लस वेळेवर घ्या. आई सुखरूप, बाळ सुखरूप.